मधला माणूस गेला, म्हणे!

गेल्या दहा-बारा वर्षांत एक मत इतकं रुळलं आहे, की त्याला पुरावा मागायचंही कुणाला सुचत नाही. सहकारी बँक असो, कृषी विद्यापीठ असो, देवस्थान असो की ट्रॅक्टरची कंपनी, प्रत्येक संस्थेने आता आपलं माध्यम आपणच चालवावं, असं हे मत. बातमी छापून यावी म्हणून वर्तमानपत्राच्या कचेरीत खेटे घालायला नकोत, वाहिनीला जाहिरातीचे पैसे मोजायला नकोत, गावोगाव माणसं धाडायला तर मुळीच नकोत. व्हिडिओ करायचा, यूट्यूबवर चढवायचा, त्याचे तुकडे रील म्हणून टाकायचे, लिंक व्हॉट्सॲपवर फिरवायची, की संस्था आणि लोक समोरासमोर. मधला माणूस गेला, असं प्रसिद्धीच्या कार्यशाळांतून सांगितलं जातं आणि समोरची मंडळी माना डोलावतात.

खंडन करायचं तर पूर्वपक्ष आधी त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडावा, ही आपल्याकडची जुनी शिस्त. ताकद त्यात आहेच. छपाईच्या आणि प्रक्षेपणाच्या मानाने व्हिडिओ स्वस्त पडतो. २०१६ नंतर डेटाचे दर कोसळले आणि तो वाडीवस्तीवर पोचला. किती जणांनी पाहिला, किती वेळ पाहिला, हे आकड्यांत दिसतं. वर्तमानपत्रातली जाहिरात किती जणांनी वाचली हे कुणी कधी छातीठोकपणे सांगितलं होतं? उदाहरणंही तगडी आहेत. रेड बुल या पेयाच्या ऑस्ट्रियन कंपनीने २००७ साली स्वतःचं मीडिया हाऊस काढलं, आणि १४ ऑक्टोबर २०१२ रोजी फेलिक्स बाउमगार्टनरने सुमारे ३९ किलोमीटर उंचीवरून मारलेली उडी यूट्यूबवर एकाच वेळी ८० लाख लोक बघत होते. आपल्याकडे घरं शोधून देणाऱ्या कॉमनफ्लोअर या संकेतस्थळाने २०१४ साली टीव्हीएफ या वेबमालिका करणाऱ्या कंपनीच्या ‘पर्मनंट रूममेट्स’ला पाठबळ दिलं आणि तरुण पोरांनी ती डोक्यावर घेतली.

एवढं सगळं मान्य करूनही माझं म्हणणं असं की, मधला माणूस गेलेला नाही. तो जात नसतोच. संस्थेने त्या जागी आपला माणूस बसवला नाही, तर दुसरा कुणीतरी येऊन बसतो, आणि मग काय दाखवायचं, कुणाला दाखवायचं आणि किती जणांनी पाहिलं हे तोच ठरवतो.

दुसरा म्हणजे कोण, ते आधी बघू. फेसबुकने २०१६ च्या सप्टेंबरात कबूल केलं, की जाहिरातदारांना व्हिडिओ पाहण्याचा जो सरासरी वेळ आपण दाखवत होतो, तो सुमारे दोन वर्षं फुगलेला होता. ६० ते ८० टक्क्यांनी फुगलेला. चूक साध्या भागाकारातली होती. एकूण पाहिलेला वेळ भागायचा होता व्हिडिओ सुरू झालेल्या सगळ्यांच्या संख्येने. भागला गेला फक्त तीन सेकंद किंवा त्याहून जास्त थांबलेल्यांच्या संख्येने. म्हणजे अंगठ्याने वर सरकवून पुढे गेलेली माणसं हिशेबातूनच वगळली. पुढे जाहिरातदारांनी खटला भरला आणि २०१९ साली ४ कोटी डॉलरवर तडजोड झाली. आपली चूक असल्याचं कंपनीने मानलं नाही, तो भाग वेगळा. मधल्या काळात अमेरिकेतल्या वृत्तसंस्थांनी ‘आता सगळं व्हिडिओत’ म्हणत लिहिणारे लोक घरी पाठवले होते. ‘मिक’ने २०१७ मध्ये तेच केलं, आणि २०१८ च्या नोव्हेंबरात बहुतेक सगळ्या कर्मचाऱ्यांना नारळ देऊन ती विकली गेली. चुकीचा आकडा हेच एकमेव कारण होतं असं म्हणणं अतिरेकाचं होईल. पण आकडे मोजता येतात या ज्या भरवशावर पूर्वपक्ष उभा आहे, ते मोजमाप ज्याचा माल त्याच्याच तराजूत चाललेलं होतं, एवढं तर नक्की.

शिवाय तराजूवाला दुकानही हलवतो. २०१८ च्या जानेवारीत झुकरबर्गने जाहीर केलं की यापुढे लोकांना त्यांच्या मित्रांच्या आणि घरच्यांच्या पोस्ट आधी दिसतील, संस्था आणि ब्रँड यांच्या नंतर. ज्या संस्थांनी वर्षानुवर्षं खपून पानाला लाखभर अनुयायी जोडले होते, त्यांना त्या आपल्याच लाखांपर्यंत जायला पैसे मोजावे लागू लागले. आणि २९ जून २०२० च्या रात्री भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा तर दुकानच उठलं. बंदी योग्य की अयोग्य हा इथला प्रश्न नाही. प्रश्न असा, की समोरासमोर असलेली माणसं एका सरकारी आदेशाने एकमेकांना कशी दिसेनाशी होतील? मध्ये कुणी असल्याशिवाय हे घडत नाही.

कॉमनफ्लोअरच्या यशाकडेही याच नजरेने पाहावं. मालिका केली टीव्हीएफने. प्रेक्षक टीव्हीएफचा, भाषा टीव्हीएफची. संस्थेने मधला माणूस हटवला नव्हता, एक चांगला मधला माणूस निवडला होता. पण प्रेक्षक शेवटी त्याच्याकडेच राहिला. कॉमनफ्लोअर २०१६ साली क्विकरने विकत घेतली. मालिकेचे नवे भाग त्यानंतरही येत राहिले. रेड बुलचं उदाहरण तर बाजूलाच ठेवू या. माणूस ३९ किलोमीटरवरून पडताना बघायला लोक येणारच. वार्षिक सर्वसाधारण सभेचं चित्रीकरण करणाऱ्या संस्थेने त्यातून नेमकं काय शिकायचं, हे मला कुणी सांगितलेलं नाही.

तसे व्हिडिओ आपण सगळ्यांनीच पाहिलेले असतात. मीही एका पतसंस्थेचा पाहिला. सुरुवातीला ड्रोन इमारतीभोवती फिरतो; फाटकातून पांढरी गाडी आत येते; अध्यक्ष उतरतात आणि कॅमेऱ्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करतात. मग समई, हार, मान्यवर. काउंटरपलीकडे एकसारखे शर्ट घातलेले कर्मचारी संगणकाकडे बघून हसताहेत, आणि काउंटरच्या अलीकडे एकही गिऱ्हाईक नाही. ‘विश्वासाची परंपरा’ असं एक भारदस्त आवाज सांगतो. खाली अभिनंदनाच्या प्रतिक्रिया, बहुतेक त्याच शर्टवाल्यांच्या. चित्रीकरण करणाऱ्याला मी दोष देणार नाही, त्याने सांगितलेलं काम चोख केलं. पण हा व्हिडिओ संस्थेने संस्थेलाच दाखवला आहे.

माध्यम ताब्यात असलं, लोक समोर बसलेले असले, तरी ते प्रेक्षक होत नाहीत, हा धडा आपल्या सरकारने व्हिडिओच्या कितीतरी आधी गिरवला होता. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं, मुंबईला पेडर रोडवर त्याचं मोठं संकुल उभं राहिलं, आणि त्याचे माहितीपट व वार्तापट प्रत्येक चित्रपटगृहाने मुख्य चित्रपटाआधी दाखवायचे अशी सक्ती झाली. यापेक्षा मोठी पोच कुठल्या संस्थेच्या नशिबी येणार? अंधार, पडदा, तिकीट काढून बसलेली माणसं. लोकांनी त्यावर सोपा उपाय काढला: न्यूज रील संपल्यावर आत जायचं. धरणं, उद्घाटनं आणि पंचवार्षिक योजना यांच्या वेळात बाहेर विडी ओढून व्हायची. गंमत अशी, की त्याच संस्थेसाठी एस. एन. एस. शास्त्री, सुखदेव यांच्यासारखी वेड्या प्रतिभेची माणसं काम करत होती. शास्त्रींचा १९६७ चा ‘आय ॲम ट्वेंटी’ आज यूट्यूबवर लोक शोधून बघतात आणि एकमेकांना पाठवतात. चित्रपट तोच. तेव्हा तो अंगावर सोडला जायचा, आता कुणीतरी कुणाला तरी ‘हे बघ’ म्हणतो. मधे एक माणूस आला.

आता मंडन. ज्या संस्थांना स्वतःचं माध्यम खरोखर साधलं, त्यांनी काय केलं?

मराठी माणसाला याचं उत्तर शोधायला दूर जावं लागत नाही. संस्थेचं नियतकालिक ही कल्पना जगात जुनी आहे. जॉन डिअर या अवजारांच्या अमेरिकन कंपनीचं ‘द फरो’ १८९५ पासून निघतं. आपल्याकडे नांगर करणाऱ्यांनीच ती उचलली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता, आणि पहिले नांगर खपायला दोनेक वर्षं लागली. पुढे औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली तिथून ‘किर्लोस्कर खबर’ निघालं: कारखान्याच्या, मालाच्या, विक्रेत्यांच्या बातम्या देणारं पत्रक. ते तसंच राहिलं असतं तर आज कुणाच्या लक्षातही नसतं.

ते तसं राहिलं नाही, कारण मधे संपादक होता. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर, हे चित्रकलेचं शिक्षण घेतलेले, नवी मासिकं चाळणारे, वाचकाला काय हवं याची नाडी असणारे गृहस्थ. त्यांनी पत्रकाचं मासिक केलं. ‘खबर’ गळलं, नुसतं ‘किर्लोस्कर’ उरलं. १९३० साली ‘स्त्री’ आलं, १९३४ साली ‘मनोहर’. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मधून आले, आणि ज्या घरांत पोथीला सोवळं लागत होतं त्या घरांत ते वाचले गेले आणि त्यांवर भांडणं झाली. यात नांगर कुठे होता? जाहिरातीच्या पानावर. कंपनीने मासिकाला नाव दिलं, कागद दिला, छापखाना दिला आणि मजकुरात बोलायची जागा संपादकाला मोकळी सोडली. म्हणूनच नांगराशी काडीचा संबंध नसलेली पुण्यातली, नागपूरची, इंदूरची बाई ‘स्त्री’ची वाट बघायची. पुढे विद्या बाळ त्या मासिकाच्या संपादक झाल्या आणि तिथून बाहेर पडून त्यांनी १९८९ साली ‘मिळून साऱ्याजणी’ काढलं. कारखान्याच्या पत्रकाची ही नात म्हणायला हरकत नाही. हल्लीच्या कुठल्या संस्थेला आपल्या यूट्यूब वाहिनीतून असं काही निघालेलं चालेल, याबद्दल मी साशंक आहे. कारण त्यासाठी अध्यक्षांना ड्रोनच्या टप्प्यातून बाहेर जावं लागतं.

दुसरं उदाहरण चित्रपटाचं, म्हणजे आपल्या विषयाच्या अधिक जवळचं. श्याम बेनेगल यांनी दूधसंघांसाठी माहितीपट केले होते, आणि त्यांचा अनुभव असा, की माहितीपट ज्यांना आधीच पटलेलं आहे तेच बघतात. कथाचित्रपट हवा. पैसे? अमूलच्या वर्गीज कुरियन यांनी तोड काढली. गुजरातच्या दूध उत्पादकांपैकी ५ लाख जणांनी दोन-दोन रुपये दिले आणि १० लाखांत १९७६ साली ‘मंथन’ झाला. पटकथा विजय तेंडुलकरांची; तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेंडुलकरांना लिहायला बसवणं म्हणजे संस्थेचा गौरवग्रंथ मिळणार नाही याची खात्रीच. मिळालाही नाही. चित्रपटात सहकाराच्या आड येणारा सरपंच आहे, जात आहे, बाहेरून आलेल्या सज्जन डॉक्टरचं अपयश आहे. डॉक्टर राव गाव सोडून जातो आणि सोसायटी चालवायला उरतात ती गावातलीच माणसं. शेतकरी ट्रक भरभरून ‘आपला’ चित्रपट बघायला शहरात गेले, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते, आणि लोकवर्गणीचा चमत्कार म्हणून ती सांगून मोकळं व्हायची पद्धत आहे.

त्याच्या पुढचा भाग कुणी सांगत नाही. बेनेगल यांनी मुलाखतींतून सांगितलं आहे, की कुरियन यांनी त्या चित्रपटाच्या १६ मिलिमीटरच्या प्रती काढून इतर राज्यांतल्या गावांत पाठवल्या, पण नुसत्या पाठवल्या नाहीत. प्रतीबरोबर माणसं गेली: गुरांचा डॉक्टर, दुधाचा तंत्रज्ञ, चाऱ्याचा जाणकार. आधी चित्रपट. मग तो संपल्यावर चटईवर बसलेल्या लोकांचे प्रश्न. फॅट कशी मोजतात, पैसे कधी मिळतात, आमच्या गावात गवळ्याचं कर्ज अंगावर आहे त्याचं काय. पडद्यावरचा राव निघून गेलेला असायचा, पण समोर खुर्चीवर एक खराखुरा डॉक्टर बसलेला असायचा. कुरियन जाहिरातीत कच्चे नव्हते. अमूलच्या फलकांवरची मुलगी साऱ्या देशाला ठाऊक आहे. लोणी विकायला फलक आणि सोसायटी उभी करायला माणूस, हा फरक त्यांना नीट कळत होता. आजच्या सल्लागारांना तो कळत नाही, कारण दोन्हींचा आकडा एकाच पडद्यावर, एकाच रंगात दिसतो.

यावर कुणी म्हणेल, ही सगळी जुनी कथा झाली; तेव्हा मोबाइल नव्हता. मग मोबाइलच्या काळातलं घेऊ. बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये २००६ च्या सुमारास डिजिटल ग्रीन नावाचा प्रयोग सुरू झाला. रिकिन गांधी त्याच्या पुढे होते. कर्नाटकातल्या खेड्यांत शेतकऱ्यांचेच व्हिडिओ करायचे आणि शेजारच्या शेतकऱ्यांना दाखवायचे, अशी कल्पना. अझोला कसा वाढवायचा, गांडूळखत कसं करायचं, असले साधे विषय. संध्याकाळी कुणाच्या तरी ओसरीवर वीस-तीस जण जमायचे. पण व्हिडिओ लावून कार्यकर्ता चहाला जायचा नाही. गावातल्याच त्या माणसाचं किंवा बाईचं काम होतं मधेच व्हिडिओ थांबवायचं. थांबवायचं, विचारायचं, पुन्हा मागे नेऊन दाखवायचं, कोण करून बघणार त्याचं नाव लिहून घ्यायचं आणि पुढल्या आठवड्यात त्याच्या शेतावर जाऊन केलंय का ते बघायचं. आणि प्रेक्षकांचा पहिला प्रश्न काय असायचा? पद्धतीबद्दल नव्हे. पडद्यावरचा शेतकरी कोण, कुठल्या गावचा? आपल्यासारखाच असला तर पुढचं ऐकायचं. शास्त्रज्ञ किंवा अधिकारी दिसला, की मंडळी मागे रेलायची.

पूर्वपक्षाचा सगळ्यात भक्कम आक्षेप याच ठिकाणी येतो: माणूस बसवणं महाग आहे; एका कार्यकर्त्यामागे वीस शेतकरी, आणि एका व्हिडिओमागे वीस लाख. पण डिजिटल ग्रीनच्या सुरुवातीच्या चाचणीत हिशेब केला गेला तो बघणाऱ्यांमागे नव्हे, तर प्रत्यक्ष करणाऱ्यांमागे. ज्यांनी पद्धत खरंच शेतात आणली, त्या दर माणसामागे किती खर्च आला? नेहमीच्या कृषिविस्ताराच्या तुलनेत त्याच पैशात ही रीत दहापट परिणामकारक ठरली. व्हिडिओने कार्यकर्ता काढून टाकला नाही, त्याचं काम हलकं केलं. त्याला दरवेळी सगळं तोंडाने सांगावं लागेना आणि त्याला स्वतःला न येणारी गोष्टही तो दाखवू लागला. महाग-स्वस्त हे भागाकारात खाली कोणता आकडा ठेवता त्यावर ठरतं. फेसबुकचंही तेच झालं होतं, उलट्या दिशेने.

महाराष्ट्रात याची साक्ष पानी फाउंडेशन देतं, आणि ती जास्त मोलाची, कारण हे लोक मुळात कॅमेऱ्याचे. आमिर खान, किरण राव, सत्यजित भटकळ: ‘सत्यमेव जयते’ हा टीव्हीवरचा मोठा कार्यक्रम करून आलेली मंडळी. नुसत्या व्हिडिओवर दुष्काळ हटवण्याचा मोह कुणाला पडायचा तर यांनाच. त्यांनी २०१६ साली वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत वॉटर कप ही गावांची जलसंधारण स्पर्धा सुरू केली तेव्हा पैसा आणि कष्ट कुठे घातले? गावातून निवडलेल्या माणसांच्या चार दिवसांच्या निवासी प्रशिक्षणात. चित्रफिती होत्या, चांगल्या होत्या, पण त्या शिबिराच्या आत होत्या. ए-फ्रेम धरून समपातळी रेषा आखायला चित्रफीत बघून येत नाही, शेजारी उभं राहून कुणीतरी हात धरावा लागतो. २०१८ पर्यंत स्पर्धा ७५ तालुक्यांत गेली. त्या कामाच्या पाणलोटशास्त्राबद्दल, यंत्रांनी केलेल्या खोदाईबद्दल जाणकारांचे गंभीर आक्षेप आहेत आणि ते ऐकण्यासारखे आहेत. पण तो वेगळ्या लेखाचा विषय. भल्या पहाटे हजारो माणसं टिकाव-फावडी घेऊन शिवारात का आली, याचं उत्तर टीव्हीवरच्या कार्यक्रमात नाही. शिबिराहून परतलेल्या शेजारणीने दार वाजवलं, म्हणून आली.

एक अपवाद मान्य केला पाहिजे, नाहीतर हे खंडन एकांगी होईल. गरजू माणूस स्वतः शोधत येतो तेव्हा मधे कुणी लागत नाही. मिक्सर बिघडला, सातबारा ऑनलाइन काढायचाय, ठिबकची नळी तुंबली: तो शोधतो, बघतो, काम करतो, निघून जातो. इथे व्हिडिओची सत्ता निर्विवाद आहे. मात्र तिथेही त्याला सापडतो तो बहुतेकदा संस्थेचा व्हिडिओ नसतो. जुन्या बाजारातल्या एखाद्या दुरुस्तीवाल्याचा असतो, ज्याने एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात पाना धरलेला आहे, ज्याच्या मागे रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येताहेत आणि जो ‘कंपनीवाले हे सांगणार नाहीत’ अशी सुरुवात करतो. कंपनीचा स्वतःचा व्हिडिओ त्याच्या वर नाही तर खाली कुठेतरी असतो. त्यात मिक्सर नवा कोरा आणि कधीच न बिघडणारा असतो.

तेव्हा पुढल्या वेळी संस्थेच्या सभेत व्हिडिओचं अंदाजपत्रक येईल तेव्हा त्यातली कलमं वाचावीत. कॅमेरा, ड्रोन, संकलन, निवेदकाचं मानधन, पार्श्वसंगीत, आणि हल्ली फेसबुकला ‘बूस्ट’साठी द्यायचे पैसे: मधल्या माणसाची ही मजुरी तिथे बिनबोभाट मंजूर होते. गावात, शाखेत किंवा वॉर्डात बसून तो व्हिडिओ थांबवत थांबवत दाखवणाऱ्या आणि आठवड्याने परत जाणाऱ्या माणसाच्या प्रवासभत्त्याचं कलम मात्र असलंच तर शेवटी असतं, आणि काटछाट तिथूनच सुरू होते.